हाक कायले नाही मारली

माझ्या सासूबाई सुरतला राहायला म्हणून पहिल्यांदा आल्या त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एरवी लग्नकार्याला यायच्या आणि कार्य आटोपलं की लगेच परतीच्या गाडीत बसायच्या. त्यांचं गाव वाशीमकडचं. घर म्हणजे उघडं दार, पुढे अंगण, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही "कुठी चालली वं?" असं विचारायचा हक्क, अशी त्यांची समजूत.

आमचं घर डिंडोलीत, रो-हाऊसच्या सोसायटीत. एकाच नकाशावर बांधलेली, एकाच पिवळट रंगाची घरं, अशा गल्ल्यामागून गल्ल्या. दर दारात तुळस, दर ओट्यापाशी मोपेड. येणारे पाहुणे हमखास चुकतात आणि कोपऱ्यावरून फोन करतात. सासूबाईंच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर दवाखान्यानं दिलेला मोठा काळा चष्मा होता, दुसऱ्या डोळ्यात मोती तसाच होता. त्यांना आमची गल्ली आणि पलीकडची गल्ली यांतला फरक कसा कळणार?

पहिले काही दिवस मी रजा काढून घरी राहिले. मग कामावर जायला लागले. मी रिंग रोडच्या बाजूला एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. नवरा पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. खात्यात मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर कपाटात ठेवून जावं लागतं. मी निघताना सासूबाईंना म्हणायची, "आई, एकट्या बाहेर जाऊ नका."

"कोंडून ठेवतं का मले?" त्या हसून म्हणायच्या. "इथंच बसतो ओट्यावर. तू जाय."

त्या सुमाराला सुरतभर एक हवा पसरली होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणे. कुणी म्हणे बायका आहेत, कुणी म्हणे साधूच्या वेषात फिरतात. रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, पाणी किती वाजता येणार आणि कुणाची गाडी गेटपाशी आडवी लागली आहे यांच्या मधोमध, असा एखादा मेसेज येऊन पडायचा. पोलिसांनी कुठे काही म्हटलेलं नव्हतं. सेक्रेटरी शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी ग्रुपसाठी नियम केले होते. राजकारण नको, जाहिरात नको, गुड मॉर्निंगची फुलं नकोत. पण या मेसेजना कुणी नको म्हणत नव्हतं. मुलांच्या काळजीला नियम कसा लावायचा, असं सगळ्यांनाच वाटत असावं.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी संपून आम्ही नुकत्याच टेबलांशी बसलो होतो. माझ्या शेजारी बसणारी सहकारी गुजराती, वयानं माझ्याएवढीच, मनानं चांगली. तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"तमारा एरियानुं छे. जुओ ने."

व्हिडिओ वरून काढलेला होता. कडेला गॅलरीची जाळी दिसत होती. खाली अरुंद गल्ली. एक म्हातारी चालली होती, हिरवं नऊवारी लुगडं, डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत पिशवी. तिच्या हातात एका लहान मुलीचा हात. व्हिडिओ काढणारा दबक्या आवाजात कुणाला तरी सांगत होता, "जो, जो, लई जाय छे." बघ, घेऊन चाललीय. तेवढ्यात तो संपला. खाली लिहिलं होतं, डिंडोलीमां छोकरां उपाडनारी टोळी. काळा चश्मावाळी डोशीथी सावधान. दरेक ग्रुपमां मोकलो. काळ्या चष्म्याच्या म्हातारीपासून सावध, प्रत्येक ग्रुपमध्ये पाठवा, असं.

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि पुन्हा पाहिला. खरं तर लुगड्यावरूनच ओळखलं होतं. ते लुगडं मीच सकाळी दोरीवरून काढून, घडी करून त्यांच्या खाटेवर ठेवलं होतं. मग चालताना डावा पाय जरा ओढत टाकायची त्यांची लकब दिसली आणि शंकेला जागा उरली नाही.

"या माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. मग गुजरातीत सांगितलं.

तिचा हात तोंडावर गेला. "में तो त्रण ग्रुपमां नाखी दीधुं," ती म्हणाली आणि लगेच त्या तिन्ही ग्रुपमध्ये जाऊन तो काढून टाकायला लागली. माहेरच्या ग्रुपमधून निघाला. बाकीच्या दोन्हींत लोकांनी तो बघून पुढे पाठवूनही दिला होता. "हवे शुं करूं?" आता काय करू, असं ती मला विचारत होती. मला काय माहीत?

मी सासूबाईंना फोन लावला. त्यांचा साधा बटणांचा फोन. रिंग जात राहिली. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला असणार, हे मला इथे बसून दिसत होतं. मग नवऱ्याला लावला, तोही वाजत राहिला. कपाटात. मिलच्या ऑफिसात लावला, तिथल्या माणसानं "साहेब खात्यात आहेत, निरोप देतो" असं सांगून ठेवून दिला.

मग मला ती मुलगी आठवली. फ्रॉक ओळखीचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात एक खानदेशी कुटुंब भाड्यानं राहतं, त्यांची ती धाकटी. तिची आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. माझ्याकडे तिचा नंबर होता, कारण कधीमधी ती माझ्याही साडीला टिकल्या लावून द्यायची. मी फोन लावला. दुसऱ्यांदा लावल्यावर तिनं उचलला.

"ताई," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "ताई, मनी पोर त्या व्हिडिओमा शे. मनी पोर कोठे शे?"

ती बाजारात गेली होती, कामाचा माल आणायला. मुलीला घरी मोठ्या बहिणीपाशी ठेवून. व्हिडिओ तिला तिथेच, दुकानात कुणीतरी दाखवला होता. ती धावत घराकडे निघाली होती.

"अगं ऐक, ती म्हातारी म्हणजे माझी सासू आहे. मुलीला काही झालेलं नाही."

"तुमनी सासू?" मग ती थांबली. "मी कव्हय देखी नही तुमनी सासू."

आणि ते खरंच होतं. सासूबाई आल्या तेव्हापासून डोळ्याच्या औषधामुळे बहुतेक घरातच होत्या. ती दिवसभर मान खाली घालून टिकल्या लावायची. दोघींनी एकमेकींना पाहिलंच नव्हतं. "आधी मनी पोर माले दिसू द्या, ताई," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी रिक्षा धरली. ऑफिसात कुणाला सांगून निघाले की नाही, हेही आता आठवत नाही. रिक्षात बसल्या-बसल्या सोसायटीचा ग्रुप उघडला. तिथे व्हिडिओ होताच, सगळ्यांत आधी तिथेच आला होता. त्याखाली मेसेजची रांग लागली होती. कोण आहे ही. आपल्या सोसायटीतली नाही. गेट बंद करा. पकडलंय, कॉमन प्लॉटवर या. मी भराभर लिहिलं, 'या माझ्या सासूबाई आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कुणीही हात लावू नका.' आणि पाठवायला गेले, तर मेसेज जाईना. लिहायची जागाच नाहीशी झाली होती. तिथे एक ओळ होती, की आता या ग्रुपमध्ये फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात.

सेक्रेटरींनी ग्रुप बंद केला होता. गोंधळ वाढू नये म्हणून. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तो व्हिडिओ आणि त्याखालचे मेसेज आता सगळ्यांच्या मोबाईलवर तसेच होते आणि त्यांना उत्तर द्यायची सोय उरली नव्हती. मी त्यांना फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. सगळी सोसायटीच त्यांना फोन करत असणार.

पोलिसांचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता विचारून घेतला आणि गाडी निघाली आहे, असं सांगितलं. कुणीतरी आधीच कळवलं होतं. मला बरं वाटलं आणि लगेच दुसरं काही वाटलं. पोलीस येईपर्यंत काय होईल?

उधन्याच्या पुढे वाहनं तुंबली होती. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "दीदी, डिंडोली में किधर?" मी सोसायटीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "उधर अभी मत जाओ. बच्चा चोर पकडा है उधर. मेरे पास भी आया है वीडियो." त्यानं मोबाईल हँडलपाशी अडकवलेला होता. बोटानं वर सरकवून तो मला दाखवायला लागला.

"बघितलाय मी," मी म्हटलं. "जल्दी चलाओ."

"ऐसे लोगों को तो..." तो म्हणाला आणि पुढे काय करायला पाहिजे ते त्यानं सांगितलं. तो साधा माणूस होता. आरशाशेजारी त्याच्या दोन मुलांचा फोटो लावलेला होता. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्यानं मला उतरवलं असतं की काय, अशी भीती मला वाटली. आपण ज्या रिक्षात बसलोय त्या रिक्षावाल्याची भीती मला पहिल्यांदाच वाटत होती.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. का, कोण जाणे. पुन्हा पुन्हा पाहिला. आणि रेल्वेच्या पुलावर रिक्षा चढत असताना मला दिसलं की मुलगी पुढे आहे. म्हातारी मुलीला ओढत नव्हतीच. मुलगी अर्धं पाऊल पुढे होती, तिचा हात मागे ताणलेला होता, आणि सासूबाई तिच्या मागून पाय ओढत चालल्या होत्या. मुलगीच त्यांना नेत होती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. पण तोवर तो किती लोकांनी पाहिला असेल, आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. व्हिडिओ बघण्याआधी लोक खालची ओळ वाचत होते आणि मग जे वाचलं तेच बघत होते.

सोसायटीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. नवरात्रात तिथे गरबा होतो, एरवी मुलं क्रिकेट खेळतात. तिला कॉमन प्लॉट म्हणतात. रिक्षातून उतरले तेव्हा तिथे इतकी माणसं होती की आमच्या सोसायटीत एवढे लोक राहतात यावर माझा विश्वास बसेना. बाहेरचेही पुष्कळ होते. मोटारसायकली कशाही लावलेल्या. आणि सगळ्यांचे हात वर, हातात मोबाईल. पुढचं न दिसणारे मागचे लोक पुढच्यांच्या मोबाईलच्या काचेत बघत होते.

मी घुसले. कुणाला ढकललं, कुणाच्या पायावर पाय दिला. पुढे गेले तेव्हा सासूबाई पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता. पिकलेले केस सुटले होते. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना चारचौघांत कधी असं उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर नव्हता. कुणीतरी चेहरा नीट दिसावा म्हणून काढून घेतला होता, आणि त्या ऑपरेशनच्या डोळ्यावर हात धरून दुपारच्या उन्हात बसल्या होत्या. त्यांची पिशवी ओतलेली होती. त्यात मेथीची जुडी आणि कागदाच्या पुड्यात फुटाणे. एक जण ते फुटाणे तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत होता. मुलांना खायला देऊन बेशुद्ध करतात म्हणे.

"नाम बोल. आधार कार्ड किधर है?" दुसरा विचारत होता.

"म्या सांगतलं ना बाप्पा, माह्या लेकाचं घर इथंच हाय," सासूबाई सांगत होत्या. "हातातनं पोट्टी घेतली तुम्ही, आता मले घर कोण दाखवन?"

त्यांचं बोलणं त्या विचारणाऱ्यांना समजत नव्हतं. सुरतेत मराठी कानांवरून जाते सगळ्यांच्या, पण ही वऱ्हाडी तिथल्या गुजराती लोकांना परकी वाटत होती. "ही आपल्याकडची भाषा नाहीच," मागून कुणीतरी म्हणालं. "बहारनी टोळी छे."

मी त्यांच्यापुढे उभी राहिले. गुजरातीत ओरडून सांगितलं की या माझ्या सासू आहेत, आम्ही पाचव्या गल्लीत राहतो, यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पुढच्या रांगेतले काही चेहरे जरासे हलले. पण तो फुटाणेवाला म्हणाला, "सबूत शुं?" मी मोबाईल काढला. दिवाळीत गावी काढलेला फोटो दाखवला, सासूबाई, मी, नवरा, सगळे. त्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "आजकाल तो कैसा भी फोटो बनता है."

तो चेष्टा करत नव्हता. व्हिडिओ त्याला खरा वाटत होता आणि फोटो खोटा. आणि आता मोबाईल माझ्याकडे वळले होते. "ये भी साथ में है क्या?" असं कुणीतरी विचारलं. मागून लोक पुढे सरकले, आणि माझी पोटरी टाकीच्या ओट्याला लागली. मागे जायला जागा नव्हती. सासूबाईंनी मागून माझा पदर घट्ट धरला.

"कोण, तू हायस का?" त्या म्हणाल्या. त्यांना दिसत नव्हतं.

"हो आई. मीच."

गर्दीत माझ्या ओळखीचे चेहरे होते. रोज दूध आणताना भेटणारे, गणपतीत आरतीला येणारे. ते बाजूला उभे होते. त्यांना मी दिसत होते. पण पुढे यायचं म्हणजे त्या सगळ्या मोबाईलच्या समोर यायचं. एकानं फक्त मान हलवली, जणू धीर देत असावा. मला त्याचा तेव्हा राग आला नाही. नंतर आला.

तेवढ्यात गर्दी एका बाजूनं फाटली आणि मुलीची आई आली. घामानं भिजलेली, हातात मालाचं बोचकं तसंच. "मां आवी, छोकरीनी मां आवी," असं लोक एकमेकांना सांगत होते, आणि मोबाईल तिच्याकडे वळले. आता ही काय करेल ते बघायला. मीही तेच बघत होते. तिनं एक थप्पड मारली असती, तर पुढचं कुणालाच आवरलं नसतं.

तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. "मनी पोर?" तिनं विचारलं. मुलगी समोरच्या किराणा दुकानात बसवलेली होती. कुणीतरी तिला थंड पेय घेऊन दिलं होतं, ते तसंच हातात धरून ती हुंदके देत होती. इतक्या वेळात तिला कुणी काहीच विचारलं नव्हतं. आई तिच्यापुढे उकिडवी बसली. आधी तिचे हात, पाय, तोंड पाहिलं. मग अहिराणीत विचारलं, काय झालं. मुलगी रडत रडत सांगायला लागली. आजीला आपलं घर सापडत नव्हतं. मुलगी पलीकडच्या गल्लीत खेळायला गेली होती आणि आजी तिथे प्रत्येक दार चाचपत होती. आजीनं विचारलं, पाच नंबरची गल्ली कोणती? "मी दखाडी राहिंती," मुलगी म्हणाली. मी दाखवत होते. "मंग त्यासनी माले वढी लिधं."

मग त्या लोकांनी मला ओढून घेतलं.

आई उठली. तिनं बोचकं दुकानाच्या पायरीवर ठेवलं, मुलीला कडेवर घेतलं आणि सरळ टाकीपाशी आली. ओट्यावर सासूबाईंच्या शेजारी, अगदी चिकटून बसली. मुलीला मांडीवर घेतलं. आणि एका हातानं सासूबाईंचा पदर उचलून त्यांच्या डोक्यावर नीट घातला, कानामागे खोचला, जसा आपल्या घरच्या म्हातारीचा करावा.

मी आजवर पुष्कळ माणसांना पुष्कळ बोलताना ऐकलं आहे. पण त्या बसण्यानं जे झालं, ते कुणाच्या बोलण्यानं झालं नसतं. पहिल्यांदा पुढच्या रांगेतले हात खाली आले. मग मागचे. फुटाणेवाल्यानं फुटाणे पुन्हा पुड्यात घातले आणि पुडा ओट्यावर ठेवला. चष्मा कुणीतरी आणून माझ्या हातात दिला. कोण, ते मी पाहिलं नाही. पोलिसांची गाडी गेटातून आत आली तेव्हा मोटारसायकली निघायला लागल्या होत्या.

पोलिसांनी आम्हाला चौकीवर नेलं, म्हणाले, इथे थांबण्यापेक्षा तिथे बरं. मुलीची आईही आली. तिथल्या महिला पोलिसानं सासूबाईंना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. ती मराठी बोलणारी होती, धुळ्याकडची. तोवर नवऱ्याला निरोप पोहोचला होता, तो मिलच्या कपड्यांतच आला. हातांना रंग लागलेला. आईला समोर पाहून तो त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

व्हिडिओ काढणाऱ्यालाही बोलावलं होतं. चौथ्या गल्लीतले, आमच्याच ओळखीचे गृहस्थ, कापड बाजारात नोकरी करणारे. त्यांच्या घराला दोन मजले, वरच्या गॅलरीतून त्यांनी तो काढला होता. ते घाबरलेले होते. पुन्हा पुन्हा गुजरातीत सांगत होते, "मला वाटलं मुलगी वाचेल. मी सोसायटीच्याच ग्रुपवर टाकला, बाहेर मी नाही पाठवला. खालचं ते दरेक ग्रुपमां वगैरे माझं नाही." हे खरं असावं. त्यांनी टाकला, दुसऱ्यानं खाली ओळ लिहिली, तिसऱ्यानं पकडलंय म्हणून जोडलं. प्रत्येकानं थोडं थोडं केलं होतं.

महिला पोलिसानं सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला तक्रार द्यायची का? काय म्हणायचंय ते सांगा, मी लिहून घेते."

सासूबाई त्या गृहस्थांकडे तोंड करून म्हणाल्या, "ह्याले इचारा. हा वर उभा होता. मी खाली. मधात किती अंतर होतं? त्याले तोंड नव्हतं का? वरून म्हणायचं होतं, 'बुढे, कोणाची पोट्टी नेऊन राह्यली तू?' तं मी सांगतलं असतं. पोट्टीनं सांगतलं असतं. हाक कायले नाही मारली त्यानं?"

महिला पोलिसानं ते त्यांना गुजरातीत सांगितलं. ते गृहस्थ मान खाली घालून उभे राहिले. मला वाटतं, हाक मारायची हे त्यांना सुचलंच नव्हतं. खिशातून मोबाईल काढणं आधी सुचलं.

तक्रार आम्ही दिली. सासूबाई म्हणत होत्या जाऊ द्या, पण नवऱ्यानं ऐकलं नाही आणि मीही त्याच्या बाजूनं होते. पोलिसांनी आठ-दहा जणांना बोलावून समज दिली, पुढे कागदोपत्री काम चालू राहिलं. सेक्रेटरींनी ग्रुप पुन्हा उघडला आणि मग माफीचे मेसेज आले. सॉरी आंटी. हात जोडलेले, गुलाबाची फुलं. फुलांना बंदी असलेल्या त्या ग्रुपवर फुलांचा ढीग पडला. ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्यांच्याकडे ते दिसणारा फोन नव्हता. मी वाचून दाखवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. ज्याले वाटन थो घरी येईन."

घरी आले ते तिघे-चौघेच. त्यात ते गृहस्थ होते, बायकोला घेऊन. सासूबाई बाहेर आल्या नाहीत. आतल्या खोलीत खाटेवर बसून राहिल्या. मी पाणी दिलं, चहा दिला. ते बसले आणि उठले. बाहेर पडताना त्यांच्या बायकोनं आतल्या दारापाशी जाऊन "बा, माफ करजो" म्हटलं. मलाही सासूबाईंना बाहेर बोलवावंसं वाटलं नाही.

व्हिडिओ मात्र थांबला नाही. पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या पुतण्याचा गावाहून फोन आला. "काकू, एक व्हिडिओ आला आहे, नाशिकचा आहे म्हणतात. बाई आपल्या आजीसारखी दिसते." मग तो नागपूरचा म्हणून आला, मग आणखी कुठला. मी प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याला फोन करायची. लिहून नाही, फोन. सांगायची की ही माझी सासू आहे आणि मुलगी पुढे चालते आहे, नीट बघा. बहुतेक जण वरमायचे. काही जण म्हणायचे, आम्हाला आला म्हणून पुढे पाठवला. एकानं फोन मध्येच ठेवून दिला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी सुरतेत करून घेतलं नाही. अकोल्याला करू म्हणाल्या. जाईपर्यंत त्या ओट्यावर बसल्या नाहीत. ती मुलगी मात्र शाळेतून आली की आमच्या घरी यायची, खाटेच्या कडेला बसून पाय हलवत राहायची. तिच्या आईची आणि त्यांची चांगली गट्टी झाली. एकीची अहिराणी, दुसरीची वऱ्हाडी, टिकल्या लावत तासन्‌तास बोलत बसायच्या. पण मुलीला शाळेत सोडायला जाता का, असं मी एकदा सहज विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नको माय. लोकं पाह्यतात."

यंदा उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो, पुतण्याच्या लग्नाला. सासूबाईंचे दोन्ही डोळे आता चांगले आहेत. पंगतीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. नवरीकडची एक कॉलेजात जाणारी मुलगी वाढत वाढत आली, त्यांच्याकडे पाहून थबकली. भांडं खाली ठेवून तिनं मोबाईल काढला. माझा घास हातातच राहिला.

"आजी, तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना, ज्यांना उगाच चोर ठरवलं?" तिनं विचारलं. "तुमच्यासोबत एक फोटो काढू?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या.

"बरं आजी," मुलगी म्हणाली. मोबाईल परत ठेवला, भांडं उचललं आणि त्यांच्या पानात वांग्याची भाजी वाढून पुढे गेली.